हाँगकाँगमधील गजबजलेल्या डिमसम उपाहारगृहात शाकाहारी माणसाला नेता येईल का? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे लवकरच हाँगकाँगला जाणार असून तेथे एक सकाळ डिमसमसाठी, म्हणजे चहाबरोबर खायच्या वाफवलेल्या व तळलेल्या छोट्या छोट्या चिनी पदार्थांसाठी, राखून ठेवावी, असे आम्ही ठरवले आहे. तारांकित हॉटेलातील ऐसपैस दालनापेक्षा स्थानिक लोक गर्दी करतात असे साधे ठिकाण मला अधिक आवडेल. २००९ मध्ये मोंग कोक भागातील छोट्याशा जागेत सुरू होऊन अल्पावधीतच मिशेलिन या उपाहारगृह-मार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळवणाऱ्या टिम हो वान या उपाहारगृहाची शाम शुई पो येथील शाखा सध्या मनात आहे.

अडचण खाण्यापिण्याची आहे. यजमानांना काहीही चालते. मी कोंबडी, मासे आणि कोळंबी खाते, पण डुकराचे व गाईचे मांस खात नाही. सासूबाई पूर्ण शाकाहारी असून त्यांना अंडेही चालत नाही. हार गाऊ म्हणजे कोळंबीचे उकडलेले मोदकासारखे पदार्थ, एवढ्या माहितीवर मी ते निर्धास्तपणे मागवू शकते का? मुळ्याच्या वड्या नावावरून तरी शाकाहारी वाटतात; त्या सासूबाईंना चालतील का? शिवाय गर्दीच्या वेळी वेटरला थांबवून प्रत्येक पदार्थात काय आहे हे विचारणे शक्य असते का, की सर्व काही आधीच ठरवून जावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
आधीच ठरवून जाणे उत्तम. अशा ठिकाणी बहुधा पदार्थांची छापील यादी आणि पेन्सिल हातात मिळते. पदार्थ छोट्या बांबूच्या टोपल्यांत येतात, म्हणून हव्या त्या पदार्थापुढे टोपल्यांची संख्या लिहून कागद परत द्यायचा असतो. एका टोपलीत साधारणतः तीन-चार नग येतात, त्यामुळे सुरुवातीला थोडेच मागवावे आणि मागाहून भर घालावी. सारण आधीच भरून ठेवलेले असल्याने ‘यातून अमुक वगळा’ ही विनंती सहसा मान्य होत नाही. अनोळखी लोकांबरोबर एकाच टेबलावर बसवले तर गैरसमज करून घेऊ नये. तेथे ती नित्याचीच गोष्ट आहे. चहाचे पैसे माणशी वेगळे लागतात.

प्रतिसाद २:
आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर थोडे निराशाजनक आहे. हार गाऊचे अर्धपारदर्शक आवरण गव्हाच्या स्टार्चचे असते, परंतु पारंपरिक सारणात कोळंबीला मऊपणा यावा म्हणून डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे घालतात. कोळंबी घातलेले चुंग फान, म्हणजे तांदळाच्या पातळ पोळीची गुंडाळी, आपल्यासाठी त्यामानाने सोयीचे. तरीही सारणाविषयी विचारून घ्यावे. कोंबडीचे पाय तळून, नंतर काळ्या सोयाबीनच्या आंबवलेल्या मसाल्यात वाफवलेले असतात. धीर होत असेल तर अवश्य खाऊन पाहावेत. सिउ माय हा वरून उघडा ठेवलेला वाफवलेला पदार्थ मात्र टाळावा, कारण त्यात कोळंबीबरोबर डुकराचे मांस असतेच.

सासूबाईंचा प्रश्न अधिक कठीण आहे. मुळ्याच्या वड्यांत बहुधा डुकराच्या मांसाचे चिनी सॉसेज आणि सुकवलेली कोळंबी असते. टोफूच्या सालीच्या गुंडाळीत अनेकदा मांस असते आणि नुसत्या उकडलेल्या पालेभाजीवरही कालवांपासून बनवलेला ऑयस्टर सॉस ओततात. मा लाय गो हा वाफवलेला केक अंड्यावाचून होत नाही आणि आंब्याच्या पुडिंगमध्ये बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून बनवलेले जिलेटिन असते. याखेरीज एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: बांबूच्या टोपल्यांचा तळ पट्ट्यांचा असतो आणि त्या एकावर एक रचून वाफवतात, त्यामुळे वरच्या टोपलीतील रस खालच्या पदार्थावर ठिबकू शकतो. एवढ्याने ज्यांचे मन खट्टू होते, त्यांना तेथे केवळ चहापाण्यावर बसवून ठेवणे मला तरी योग्य वाटत नाही. त्यापेक्षा डायमंड हिल येथील नान लियान उद्यानातील शाकाहारी उपाहारगृहात त्यांना न्यावे, किंवा लांताऊ बेटावरील पो लिन मठात बौद्ध पद्धतीचे शाकाहारी जेवण घ्यावे.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना घेऊन नान लियान उद्यानात जाऊ आणि एखाद्या सकाळी त्या विश्रांती घेत असताना आम्ही दोघेच शाम शुई पोला जाऊन येऊ. चहा कोणता मागवावा, तेवढे कृपया सांगावे.

प्रतिसाद २:
तळलेल्या व चरबीयुक्त पदार्थांबरोबर गडद रंगाचा, मातकट चवीचा पु-अर चहा पुष्कळ लोक घेतात. त्याची चव जड वाटली तर मोगऱ्याच्या सुगंधाचा चहा मागवावा. किटलीतील पाणी संपल्यावर हाक मारण्याची गरज नाही, झाकण तिरपे करून ठेवले की वेटर गरम पाणी ओतून जातो. आपल्या कपात कोणी चहा ओतला तर आभार म्हणून दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करतात. कार्यदिवशी, दुपारच्या जेवणाची गर्दी सुरू होण्यापूर्वी जावे.