आभासी टेबल जरूर घ्यावे, पण विच्छेदन बंद करू नये

शरीररचनाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, धुळे :

धुळ्यापाठोपाठ 2018 साली जळगावला आणि 2020 साली नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही खानदेशासाठी समाधानाची गोष्ट आहे. मात्र जेथे मृतदेहांची चणचण असेल तेथे आभासी विच्छेदनाचे टेबल (मोठ्या पडद्यावर मानवी देहाचे थर उलगडून दाखवणारे यंत्र) घेऊन एमबीबीएसचे पहिले वर्ष निभवावे, असे आता आमच्याच क्षेत्रातील काही मंडळी म्हणू लागली आहेत आणि मला ते मान्य नाही. पूर्वी दीड वर्षाचा असलेला हा टप्पा 1997 च्या नियमावलीने एका वर्षावर आणला, तेव्हाच हाताने करायच्या कामाला कात्री लागली होती. काखेतील चरबी चिमट्याने बाजूला करत ब्रॅकियल प्लेक्ससचा, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याचा, एकेक दोर मोकळा करणारा विद्यार्थी केवळ नावे पाठ करत नसतो. कोठे ओढायचे नाही आणि कोठे थांबायचे, हे त्याच्या बोटांना तेथे कळते. शिवाय शंभरातील दहा-पंधरा जणांची यकृताकडे जाणारी उजवी धमनी नेहमीच्या जागेऐवजी आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या सुपीरियर मेसेंटेरिक धमनीतून निघते. पित्ताशयाची शस्त्रक्रिया करणाऱ्याला हा फरक ठाऊक नसेल, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. पडद्यावरचा देह मात्र प्रत्येक तुकडीला तोच तो असतो.

रेडिओलॉजिस्ट, जळगाव :

सर, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी असहमती नोंदवतो. आपण दिलेले धमनीचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. एका देहाभोवती दहा-पंधरा विद्यार्थी उभे राहतात, त्यांपैकी चिमटा दोघा-तिघांच्या हाती असतो, आणि वर्षभर ते सारे एकाच माणसाची रचना पाहतात; तीच धमनी सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये, मी त्यांना एका दुपारी अनेक रुग्णांमध्ये दाखवू शकतो, तीही रक्त वाहत असताना. मृतदेह टिकवणाऱ्या फॉर्मालिनने ताठरलेल्या, रंग हरपलेल्या ऊतकावरून जिवंत ऊतकाचा स्पर्श कळतो, हा आपला समज मला तपासून पाहण्याजोगा वाटतो. फॉर्मालिनमधील फॉर्माल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. टेबलाजवळूनच हवा ओढून घेणारी यंत्रणा नसलेल्या हॉलमध्ये, खानदेशातील मे महिन्यात, तासन्‌तास उभे राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा आणि त्याहून अधिक म्हणजे तेथील कर्मचाऱ्यांचा विचार कोणी करायचा? इंग्लंडमधील पेनिन्सुला वैद्यकीय महाविद्यालयाने 2002 साली विच्छेदनाविना अभ्यासक्रम सुरू केला होता. तो जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणत नाही. शिक्षकांनी आधीच नीट विच्छेदून ठेवलेले नमुने आणि त्यांच्या जोडीला सीटी, एमआरआय व सोनोग्राफी, एवढे पदवीला पुरे आहे. प्रत्यक्ष विच्छेदन शस्त्रक्रियेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी राखावे.

सामाजिक कार्यकर्ती, शहादा :

आपण दोघेही शिकवण्याच्या पद्धतीवर बोलत आहात. देह येतो कोठून, हे कोणीच विचारत नाही. 1949 च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमानुसार, ज्यावर कोणी दावा केला नाही असा मृतदेह महाविद्यालयाला देता येतो. आमच्या भागातून ऊसतोडीला किंवा सुरतेकडे मजुरीला गेलेला माणूस अनोळखी शहरातील रुग्णालयात वारला, तर धडगाव-मोलगीकडच्या पाड्यावर निरोप पोहोचेपर्यंत तो कागदोपत्री बेवारस ठरलेला असू शकतो. त्याने संमती दिलेली नसते, आणि त्याचे नातेवाईक नसतात असेही नाही. शरीररचनाशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्येच केवळ स्वेच्छेने दान केलेले देह वापरावेत अशी शिफारस केली आहे. आपल्याकडे मात्र विद्यार्थ्यांनी मृतदेहाचा आदर राखण्याची शपथ त्याच्यासमोर घेतली की नैतिक प्रश्न मिटला, असे मानण्याची सोय झाली आहे.

निवृत्त प्राध्यापक, धुळे :

ताई, आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्यातून विच्छेदन थांबवावे असे निघत नाही, देहदान वाढवावे असे निघते. डिजिटल देह या प्रश्नातून सुटलेला आहे असेही कोणी समजू नये. अमेरिकेत 1994 साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिजिबल ह्यूमन’ या मानवी देहाच्या डिजिटल चित्रसंग्रहाच्या प्रकल्पातील पुरुषदेह, ज्याचे एकेक मिलिमीटर जाडीचे 1871 छेद घेण्यात आले, तो टेक्सासमध्ये मृत्युदंड दिलेल्या कैद्याचा होता. डॉक्टरसाहेबांच्या फॉर्मालिनच्या मुद्द्याला उत्तर आहे : ऑस्ट्रियातील ग्राझ येथे थील यांनी 1992 साली मांडलेल्या देह टिकवण्याच्या पद्धतीत फॉर्मालिन फारच थोडे लागते आणि सांधे, स्नायू लवचीक राहतात. ती खर्चीक आहे, हे खरे. परंतु आभासी टेबलासाठी पैसा उभा राहतो, तर तो येथे का उभा राहू नये?

देहदानासाठी काम करणारे डॉक्टर, चोपडा :

देहदान वाढवा, असे म्हणणे सोपे आहे. अर्ज भरून देणारे पुष्कळ भेटतात. अडचण मृत्यूनंतर येते. मुलगा किंवा भाऊ नाही म्हणाला की अर्जाचा उपयोग होत नाही, आणि जवळचे नातलग राजी असले तरी भावकी अंत्यविधीसाठी अडून बसते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा देह काही तासांत शीतगृहात पोहोचला नाही तर तो शिकवण्याच्या कामाचा राहत नाही. त्यातच मृत्यू अपघाती असेल, किंवा एचआयव्ही अथवा हेपेटायटिस बीची लागण असेल, तर महाविद्यालय देह स्वीकारत नाही, आणि हे घरच्यांना बहुधा दारात पोहोचल्यावरच समजते. नेत्रदान केलेला देह मात्र स्वीकारला जातो. ही एक गोष्ट आधी सांगितली तरी काही घरे तयार होतात. माझी मागणी टेबलाची नाही आणि थील पद्धतीचीही नाही. तालुक्याच्या ठिकाणी देह थंड ठेवणारी शवपेटी, रात्रीही फोन उचलणारा माणूस आणि देह नेण्यासाठी मोफत गाडी, एवढे प्रथम मिळावे.

रेडिओलॉजिस्ट, जळगाव :

चोपड्याच्या डॉक्टरांची मागणी मला बिनशर्त मान्य आहे. प्राध्यापकसाहेबांशी मात्र मतभेद कायम आहे. दानात मिळालेले देह थोडेच असणार, हे गृहीत धरले तर ते पहिल्या वर्षाच्या गर्दीत खर्ची घालणे मला दात्यांवर अन्याय करणारे वाटते. आणि ताईंच्या आक्षेपानुसार बेवारस मृतदेह उद्यापासून घेणे बंद केले, तर पहिल्याच वर्षी किती टेबले रिकामी राहतील, याचा हिशेब विच्छेदनाच्या समर्थकांनीच मांडावा.