प्रति: ‘काइंड ऑफ ब्लू’ची जुनी तबकडीच खरी?
माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या जॅझ अल्बमची जुनी तबकडीच खरी, असं तुमचं म्हणणं. जुन्या तबकडीचा आवाज जास्त उबदार, हे मान्य. पण ‘खरा’ म्हणाल तर निदान पहिल्या बाजूपुरतं ते चालणार नाही. 2 मार्च 1959 च्या सत्रात मास्टर टेप (मूळ ध्वनिमुद्रणाची टेप) चालवणारं यंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे योग्य वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूची तीन गाणी चढ्या सुरात उमटली. दुरुस्त वेगाची आवृत्ती थेट 1992 साली आली. म्हणजे त्याआधीच्या सगळ्या तबकड्या चढ्याच.

मिरजेची, सतार-तंबोरे बनवणारी सतारमेकर गल्ली शेजारी असताना सांगलीकरांना हे तपासणं अवघड नाही. तंबोरा किंवा पेटी पांढरी दोनवर (पाश्चात्त्य D) धरा आणि पहिल्या बाजूचं पहिलं गाणं ‘सो व्हॉट’ लावा. सुरुवातीच्या पियानो-बासच्या मोकळ्या तुकड्यावर जाऊ नका, तिथे षड्ज ठरत नाही. बासची धून सुरू झाली की पहिल्या 16 मात्राखंडांत (चार-चार मात्रांचे बार) सा पांढरी दोनचाच, स्वर काफी थाटाचे. (पुढचे 8 खंड काळी दोनवर सरकतात, तिथे फसू नका.) जुनी तबकडी पेटीच्या वर, दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळते. टर्नटेबलला पिच कंट्रोल (वेग कमी-जास्त करायची सोय) असेल तर सूर जुळेपर्यंत वेग उतरवा, पण बाजू पलटताना पिच कंट्रोल शून्यावर आणायला विसरू नका. दुसरी बाजू 22 एप्रिलच्या सत्राची, तिचा वेग बरोबर आहे. तिच्यावरचं ‘ऑल ब्लूज’ पांढरी पाचला (G) चोख बसायला हवं. तेही चढं लागलं, तर दोष तबकडीचा नाही, तुमच्या टर्नटेबलच्या वेगाचा.