एंडोस्कोपीत आयोडीनचा रंग मारून घ्यावा का?

सायली: बाबांचा जिभेचा कॅन्सर बरा होऊन दोन वर्षं झाली. तंबाखू तेव्हाच सुटली. आता डॉक्टर ल्युगोल आयोडीन फवारून अन्ननलिकेची एंडोस्कोपी करायची म्हणतात. रंगाची खरंच गरज असते का? भूल द्यायचं ठरलंय, त्यावर चर्चा नको.

विजय: भूल अजिबात घेऊ नका. मी तीनदा नुसत्या घशातल्या फवाऱ्यावर करून घेतली.

मृणाल: विजयदादा, ते नको म्हणालीये ती. सायली, निरोगी पेशींत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) असतं, त्यामुळे आयोडीनने तो भाग गडद तपकिरी होतो. बिघडलेल्या पेशींत ते कमी, म्हणून तिथे रंग धरत नाही. सासूबाईंच्या साध्या तपासणीत सगळं ठीक दिसलं होतं. रंग मारला आणि तपकिरीत नखाएवढा पिवळट डाग उघडा पडला, दोन-तीन मिनिटांत गुलाबी झाला. कॅन्सर अगदी वरच्या थरात होता, दुर्बिणीतूनच सोलून काढला.

शिरीष: एनबीआय मागा, म्हणजे रंगाऐवजी दुर्बिणीतला खास प्रकाश. बटण दाबलं की निळ्या-हिरव्या प्रकाशात बारीक रक्तवाहिन्या दिसतात. रंगानंतर माझ्या छातीत दोन दिवस आग होत होती, पाणीही गिळवेना.

किशोर: शिरीष म्हणतात तेच. एनबीआय पुरे.

अनघा: शेवटी सोडियम थायोसल्फेट फवारलं की आयोडीन निष्प्रभ होतं, जळजळ कमी होते. आधीच विचारून ठेवा.

हेमंत: आमच्या आत्याला ॲसेटिक ॲसिड फवारलं होतं. तेच घ्या.

मृणाल: हेमंत, आत्याला बॅरेट असेल, म्हणजे पोटातल्या ॲसिडने अन्ननलिकेचं खालचं अस्तर बदलतं तो आजार. ते वेगळं प्रकरण.

हेमंत: हो, बॅरेटच. पण तपासणी छान झाली.

नीता: आयोडीनची ॲलर्जी किंवा हायपरथायरॉइड असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि रंग न धरलेला प्रत्येक डाग कॅन्सर नसतो. आईचे असे चार डाग निघाले. बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला घास गेला नाही. नुसती सूज होती.

विजय: भुलेचं मात्र बघा.

सायली: ॲलर्जी नाही, थायरॉइडही ठीक. घरचेसुद्धा एनबीआयवरच थांबा म्हणतात. पण तोंडाच्या कॅन्सरनंतर अन्ननलिकेत दुसरा उद्भवू शकतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून मला झोप नाही. आधी एनबीआय, मग रंग, दोन्ही करतोय. थायोसल्फेटचं विचारलं, तयार ठेवणार आहेत. मंगळवारी सकाळी नंबर आहे.