'स' आणि 'श' मधला ध्वनी: ऐकून सवय का लागत नाही?

कानोसा: 'स' आणि 'श' यांच्या अधलामधला ध्वनी शब्दांत पेरून प्रयोग करतोय. एका गटाला तो 'प्रवास'सारख्या शब्दांत ऐकवला, दुसऱ्याला 'आकाश'सारख्या. पहिल्या गटाला तो 'स' आणि दुसऱ्याला 'श' वाटायला लागेल अशी अपेक्षा होती, पण नंतरच्या चाचणीत दोन्ही गट सारखेच. कुठे चुकतंय?

ध्वनिरेखा: आधी यादी तपासा. 'पास-पाश', 'नास-नाश' अशा जोड्या असतील तर काढून टाका. ध्वनी कुठला ते शब्दानेच ठरवायला हवं. निरर्थक शब्दांतून ऐकवल्यास श्रोत्याच्या मनातली दोन ध्वनींमधली सीमा सरकत नाही, हे नॉरिस, मॅक्वीन आणि कटलर या संशोधकांनी 2003 मध्ये डच श्रोत्यांवर दाखवलं. त्यांनी असे 20 शब्द 200 च्या यादीत मिसळले होते, त्या 200 पैकी निम्मे निरर्थक. ध्वनी शब्दाच्या शेवटी आहे ना?

कानोसा: शेवटीच. मिश्रण 50-50 टक्के.

घोषअघोष: घोळ तिथेच असणार! ध्वनिलहरींचं निम्मं-निम्मं मिश्रण कानालाही मधलंच वाटेल असं नाही. 'स' कडून 'श' कडे जाणाऱ्या पायऱ्या करा, वेगळ्या श्रोत्यांना ऐकवा आणि जिथे उत्तरं निम्मी-निम्मी पडतात ती पायरी घ्या. फार 'श' कडे झुकली तर 'प्रवाश' ऐकू येतं, श्रोता तो शब्दच नाही म्हणतो आणि शिकणं थांबतं.

चाचणीचा आवाज कुणाचा? घर्षक ध्वनींची ('स', 'श' सारख्या, हवा घासून होणाऱ्या) ही सवय बहुधा त्या वक्त्यापुरतीच राहते, म्हणून तोच ठेवा.

ध्वनिरेखा: चित्रफीत असेल तर तीही बघा. वक्त्याच्या तोंडात पेन दिसलं तर श्रोते विचित्र उच्चाराचा दोष पेनला देतात, सीमा हलवत नाहीत.