टिप म्हणजे बक्षीस नव्हे

प्रश्न: अमेरिकेत मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांसाठी मराठीत छोटी माहितीपुस्तिका लिहितो आहे. रेस्टॉरंटच्या प्रकरणात 'टिप'ला 'बक्षीस' लिहिलं, पण परत वाचताना खटकलं. दुसरा चांगला शब्द आहे का? किती द्यावी तेही एका ओळीत सांगायचं आहे.

उत्तर: खटकलं ते बरोबरच. बक्षीस हा देणाऱ्याच्या मर्जीचा शब्द आहे. शर्यत जिंकली म्हणून बक्षीस, मालक खूश झाला म्हणून बक्षीस. जमीन मोबदल्याशिवाय देऊन टाकली की बक्षीसपत्र. यातलं काहीही दिलं नाही तरी घेणाऱ्याचा पगार बुडत नाही. अमेरिकेत टिप दिली नाही की वाढणाऱ्याची कमाईच बुडते.

तिथल्या केंद्रीय कायद्यात किमान वेतन ताशी 7.25 डॉलर आहे, 2009 पासून. पण ज्यांना टिप मिळते त्यांना मालकाने ताशी 2.13 डॉलर रोख दिले तरी चालतं, आणि हा आकडा 1991 पासून जागचा हललेला नाही. मधला फरक टिपेतून भरून निघतो असं कायदा धरून चालतो. नाही निघाला तर मालकाने भरायचा. म्हणजे टेबलावरून उठताना तुम्ही जे ठेवता त्यातला पहिला हिस्सा वेतनाचाच असतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन अशा काही राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं आणि टिप त्याच्या वर. तरी टक्केवारी मागण्याची रीत तिथेही तीच.

म्हणून 'किती' हा प्रश्न शब्दाच्या आतच बसलेला आहे. बक्षीस म्हटलं की माणूस खिशात हात घालतो आणि मनाला येईल ते ठेवतो. कामाचा मोबदला म्हटलं की हिशोब करतो. बसून जेवायच्या ठिकाणी 15 टक्के ही आता खालची पायरी मानतात, 18 ते 20 सर्वसाधारण. हिशोब कर लावण्याआधीच्या रकमेवर करावा. जेवण 80 डॉलरचं झालं तर 20 टक्क्यांनी 16 डॉलर.

एक गोष्ट मला फार आवडते. 'बक्षीस' ज्या फारसी धातूवरून आला त्याच्या मुळाशी 'वाटा देणं' हा अर्थ आहे आणि संस्कृतातला 'भज्', आपला 'भाग', हे त्याचे नातलग. तो जुना अर्थ टिकला असता तर हाच शब्द चपखल बसला असता. आज मराठी कानाला त्यातला वाटा ऐकूच येत नाही, फक्त मर्जी ऐकू येते.

बाकीचे उमेदवार पटकन निकालात निघतात. 'चिरीमिरी' आणि 'चहापाणी' यांना लाचेचा वास आहे. फ्रेंच आणि जर्मनमध्ये टिपेचा शब्द 'पिण्यासाठीचे पैसे' असाच आहे, रशियनमध्ये तर थेट 'चहाचे', आणि तिथे त्यांना कसलाही डाग नाही. आपल्याकडे तो लागला, काय करणार. 'दस्तुरी' दलालाची. 'खुशाली' गोड आहे, पण तिला आनंदाचं निमित्त लागतं, मंगळवारच्या साध्या जेवणाला ती शोभत नाही.

माझं मत: 'टिप' हाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'वाढणाऱ्याच्या कमाईचा भाग' असं लिहा.

उपप्रश्न: बिलावर 'ग्रॅच्युइटी' छापलेलं असतं. ती टिपच ना?

उत्तर: याचा खुलासा पुस्तिकेत नक्की करा. आम्ही आठजण जेवायला गेलो होतो. काळ्या पाकिटात बिलाच्या दोन प्रती आणि पेन आलं. मामांनी चष्मा लावून वाचलं: ग्रॅच्युइटी 18 टक्के. मामा म्हणाले, "ग्रॅच्युइटी तर निवृत्त झाल्यावर मिळते. हा पोरगा तर पंचविशीचा." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मराठीत हा शब्द नोकरीतून सुटताना मिळणाऱ्या रकमेचा, सरकारी भाषेत 'उपदान'. मग तो वेगळ्याच कशाचा तरी आकार असणार असं समजून त्यांनी खाली 'टिप' लिहिलेल्या रिकाम्या ओळीत आणखी 20 टक्के भरले. मी पाहिलं तोवर सही झाली होती.

मोठा घोळका असला की काही ठिकाणी ही रक्कम आपोआप लागते. ती लागली असेल तर टिपेची ओळ रिकामी ठेवली तरी चालते. गंमत म्हणजे अमेरिकेचं करखातं अशा आपोआप लावलेल्या रकमेला टिप मानतच नाही, सेवाशुल्क मानतं. टिप म्हणजे सक्ती नसताना, आकडा स्वतः ठरवून दिलेली. शुल्क मालकाच्या खात्यात जमा होतं, त्यातलं वाढणाऱ्याला किती द्यायचं ते तो ठरवतो. टिपेला मात्र मालकाने किंवा मॅनेजरने स्वतःसाठी हात लावायचा नाही, 2018 पासून केंद्रीय कायदाच तसा आहे. म्हणून मराठीत 'सेवाशुल्क' आणि 'टिप' हे दोन शब्द वेगळेच ठेवा. 'सेवाशुल्क' दिसलं तर हे वाढणाऱ्याला मिळतं का, असं सरळ विचारावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

उपप्रश्न: सेवा वाईट असली तरी 18 टक्के? मग तिला ऐच्छिक कशाला म्हणायचं?

उत्तर: कायद्याने ऐच्छिकच आहे, कोणी अडवणार नाही. पण आधी बघा चूक कोणाची. जेवण उशिरा आलं तर बहुतेकदा दोष स्वयंपाकघराचा असतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी वाढणाऱ्याला आपल्या टिपेतून टेबलं आवरणाऱ्यांना आणि बारवाल्याला वाटा द्यावा लागतो, त्याला 'टिप आउट' म्हणतात. हा वाटा जिथे विक्रीवर मोजतात तिथे तुम्ही शून्य ठेवलंत तर तो त्याच्या खिशातून जातो. वागणूक खरोखर वाईट असेल तर मी 10 टक्के ठेवतो आणि मॅनेजरला तोंडाने सांगतो. न सांगता शून्य ठेवलं तर राग कशाचा होता तेही कळत नाही.

उपप्रश्न: टिप की टीप?

उत्तर: ऱ्हस्व. दीर्घ 'टीप' आपली आधीपासूनची आहे: पुस्तकातली तळटीप, शिलाईची टीप, पोलिसांना दिलेली टीप. 'वेटरने टीप दिली' असं छापलंत तर वाचणारा चोर शोधायला लागेल. लिंग स्त्रीलिंगीच, टिप दिली, टिप ठेवली. 'तत्पर सेवेची खात्री' अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून हा शब्द झाला असं सांगतात, ते पुस्तिकेत घालू नका. ती नंतर रचलेली कथा आहे. इंग्रजीत चोरांच्या बोलीत 'टिप' म्हणजे हातावर ठेवणं, देणं, हा अर्थ सतराव्या शतकापासून सापडतो.

एका ओळीत हवं आहे ना, हे घ्या: 'टिप हा वाढणाऱ्याच्या कमाईचा भाग आहे, कर सोडून बिलाच्या 18 ते 20 टक्के द्या, पण आधी बिलात ग्रॅच्युइटी लागली आहे का ते वाचा.'