छापखान्याने मराठी मजकूर फक्त युनिकोडमध्येच स्वीकारावा का?

मांडणीकार, पुणे

दिवाळी अंकांच्या फाइली येऊ लागल्या की दर वर्षी त्याच अडचणी नव्याने सोडवाव्या लागतात, म्हणून एक प्रस्ताव चर्चेसाठी ठेवतो. पुस्तके आणि नियतकालिके छापणाऱ्यांनी यापुढे मराठी मजकूर फक्त युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) स्वीकारावा, आणि छपाईच्या प्लेटसाठी जाणाऱ्या पीडीएफमध्ये अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे नुसत्या बाह्यरेषांची चित्रे) न करता फॉन्ट अंतर्भूत करावेत, म्हणजे फाइलमध्येच सोबत द्यावेत, असे माझे म्हणणे आहे.

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये देवनागरी मजकूर देवनागरी म्हणून साठवलेलाच नसतो. रोमन लिपीसाठी असलेल्या २५६ जागांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरांचे तुकडे बसवलेले असतात आणि संगणक त्या सगळ्याला इंग्रजी समजतो. आपल्या रोजच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ येथे आहे. वर्डमध्ये वाक्याचे पहिले अक्षर आपोआप कॅपिटल करण्याची सोय चालू राहिली, तर त्या जागी भलताच तुकडा येऊन बसतो. १६० क्रमांकाची जागा संगणकाच्या दृष्टीने न तुटणाऱ्या मोकळ्या जागेची आहे आणि १७३ क्रमांकाची जागा शब्द तोडण्याच्या अदृश्य रेघेची. तेथे एखाद्या फॉन्टने अक्षर बसवले असेल, तर मजकूर ई-मेलमधून किंवा एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत जाताना नेमके तेच अक्षर गळते. संपादक म्हणतात की त्यांच्या पडद्यावर ते दिसत होते, आणि ते खरेच बोलत असतात.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० पासून ती सर्वसाधारण संगणकावर चालते. जुन्या फॉन्टची पाने ज्यात मांडली जात त्या पेजमेकर सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती, म्हणजे ७.०, २००१ मध्ये आली आणि त्यानंतर तो विषय तेथेच थांबला. टाइप १ या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा आधारही ॲडोबीने जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला. ज्या पायावर आपण उभे आहोत तो एकेक दगडाने निघत असताना नवे काम त्याच पायावर चढवत राहणे मला पटत नाही.

छपाई व्यावसायिक, कोल्हापूर

आपली तांत्रिक कारणे योग्य आहेत, परंतु निष्कर्षाला माझा विरोध आहे. छापखान्याची जबाबदारी कागदावर उमटणाऱ्या अक्षराची आहे, आणि त्या कसोटीवर जुना फॉन्ट आजही अधिक भरवशाचा आहे, कारण त्यात प्रत्येक तुकडा ठरलेल्या जागी असतो आणि कोणतेही सॉफ्टवेअर त्याची पुनर्रचना करत नाही. युनिकोडमध्ये जोडाक्षर तयार करण्याचे काम मांडणीच्या सॉफ्टवेअरवर सोपवलेले असते. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाची जुळवणी नेहमीच्या इंग्रजी पद्धतीवर राहिली, की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन पडते, जोडाक्षरे मोडून हलन्त दिसू लागतात, आणि घाईच्या दिवसांत चाळीसाव्या पानावरची एक चौकट तशीच प्लेटवर जाते.

दुसरी अडचण पानांच्या संख्येची आहे. ग्राहकाच्या वर्ड फाइलमधला फॉन्ट आमच्याकडे नसेल, तर संगणक गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो. ओळींची लांबी बदलते, पाने वाढतात, १६ पानी फॉर्मचा (एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाचा) हिशेब बिघडतो आणि आधीच मंजूर झालेल्या मुखपृष्ठाचा कणा, म्हणजे पुस्तकाच्या जाडीवरची पट्टी, अपुरा पडतो. हा कागदाचा आणि पैशाचा खरा तोटा आहे.

सर्वांत मोठा प्रश्न पुनर्मुद्रणाचा आहे. आमच्याकडे अनेक प्रकाशकांची पुस्तके पेजमेकरमध्ये आहेत आणि त्यांचे मुद्रितशोधन जाणकारांनी केलेले आहे. तो मजकूर परिवर्तक सॉफ्टवेअरमधून काढून युनिकोडमध्ये न्यायचा म्हणजे मुद्रितशोधन झालेला मजकूर पुन्हा अशुद्ध करून घ्यायचा. त्याचे मुद्रितशोधन नव्याने कोणी करायचे आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, याचे उत्तर प्रस्तावात नाही.

मुद्रितशोधक, नाशिक

परिवर्तनाचा प्रश्न वर निघाला आहे आणि तो माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते. परिवर्तित मजकुरातल्या ज्या चुका डोळ्यांना बोचतात त्यांची भीती नसते. लेखातले एखादे इंग्रजी नाव किंवा संदर्भ परिवर्तकाने मराठी समजून बदलला, तर तेथे अर्थहीन अक्षरे येतात आणि ती लगेच दिसतात. रफार जुन्या पद्धतीत अक्षर आणि काना लिहून झाल्यावर टंकला जातो, तर युनिकोडमध्ये त्यातला र आधी यावा लागतो. मोठ्या जोडाक्षरात परिवर्तक त्याला चुकीच्या अक्षरावर नेऊन ठेवतो. तेही वाचताना कळते.

धोका त्या चुकांचा आहे ज्यांतून दुसरा शुद्ध शब्द तयार होतो. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आणि अनुस्वार, किंवा रफार आणि अनुस्वार, यांचे मिळून एकच चिन्ह अनेकदा असते. परिवर्तकाच्या तक्त्यात ते एकत्रित चिन्ह नीट नोंदलेले नसेल, तर अनुस्वार गळतो आणि मागे कोणतीही खूण राहत नाही. 'कवींचा' याचे 'कवीचा' होते, 'विद्यार्थ्यांचा' याचे 'विद्यार्थ्याचा' होते. शब्द शुद्ध, वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर, शुद्धलेखन तपासणीही त्याला अडवणार नाही. मात्र आदरार्थी बहुवचन गेले किंवा अनेकांचा एक झाला. मूळ प्रत शेजारी ठेवून शब्दाला शब्द लावल्याखेरीज हे सापडत नाही, आणि केवळ नजर फिरवण्याला मुद्रितशोधन म्हणणाऱ्यांच्या हाती तर ते कधीच लागणार नाही. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमध्येही चिन्हांच्या जागा वेगळ्या असू शकतात, त्यामुळे कालच्या पुस्तकाला चाललेला तक्ता आजच्या पुस्तकाला चालेलच असे नाही.

म्हणून पुनर्मुद्रणाबाबत मी कोल्हापूरकरांच्या बाजूची आहे. नव्या मजकुराबाबत मात्र नाही, कारण तो आरंभापासून युनिकोडमध्ये टंकला गेला तर या परिवर्तनाची वेळच येत नाही. तेथेही एक पथ्य पाळावे लागेल. 'दुसऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. छापल्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. निर्देशसूची करणाऱ्याला हे फार त्रासदायक ठरते. संपूर्ण पुस्तकात एकच पद्धत राहील, हे मांडणीपूर्वी पाहून घ्यावे.

डीटीपी चालक, सोलापूर

आमच्यासारख्यांचा हिशेब पानांवर असतो. हात टंकलेखन यंत्राच्या वळणाच्या रेमिंग्टन कळफलकावर बसलेला आहे. युनिकोड म्हणजे इनस्क्रिप्ट ही कळफलकाची वेगळी मांडणी शिकणे असेल, तर पहिले काही महिने वेग निम्म्यावर येईल, आणि तो तोटा भरून देणारा ग्राहक मी पाहिलेला नाही.

मांडणीकार, पुणे

सोलापूरकरांच्या शंकेचे निरसन सोपे आहे. कळफलकाची मांडणी आणि मजकूर साठवण्याची पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी असून रेमिंग्टन मांडणीचा कळफलक युनिकोडसाठीही मिळतो. हातांची सवय बदलावी लागत नाही.

जुळवणीच्या तक्रारीवर उपाय आहे आणि तो एकदाच करावा लागतो. इनडिझाइनमध्ये मूळ परिच्छेद-शैलीतच 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा आणि भाषा मराठी ठेवावी. बाकीच्या सर्व शैली तिच्यावर आधारल्या, की चाळीसाव्या पानावरची चौकटही सुटत नाही. भाषा मराठी ठेवण्याचा आणखी एक लाभ असा, की फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श आपोआप मराठी वळणाचे येतात. भाषा हिंदी किंवा इंग्रजी राहिल्यामुळे हिंदी वळणाची अक्षरे घेऊन छापलेली कितीतरी मराठी पुस्तके आज बाजारात आहेत, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुनर्मुद्रणाबाबतचा आक्षेप मान्य करून प्रस्ताव दुरुस्त करतो: मजकुरात बदल नसेल, तर जुन्या फाइलची पीडीएफ करून तीच वापरावी आणि मजकुराला हात लावू नये. बदल असेल आणि प्रकाशकाला पुढे ई-पुस्तकही काढायचे असेल, तर परिवर्तनानंतरचे मुद्रितशोधन अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून लिहावे.

कर्व्हबद्दल मात्र मी ठाम आहे. कर्व्ह केल्यावर लहान अक्षरे नेटकी ठेवणाऱ्या फॉन्टमधल्या बारीक सूचना नाहीशा होतात आणि डिजिटल यंत्रावर ९ पॉइंटचा मजकूर जाड दिसू शकतो. शेवटच्या क्षणी एक वेलांटी दुरुस्त करायची झाली तरी मूळ फाइल शोधावी लागते. शिवाय अंध वाचकांच्या वाचन-सॉफ्टवेअरला त्या पानावर वाचण्यासारखे काही उरतच नाही.

छपाई व्यावसायिक, कोल्हापूर

शेवटचा मुद्दा ऐकायला योग्य असला तरी अपुरा आहे. युनिकोड फॉन्ट अंतर्भूत केलेल्या पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी करून पाहावा. पीडीएफमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने ठेवलेली असतात, उच्चाराच्या क्रमाने नव्हे. त्यामुळे वेलांट्या आणि रफार पुष्कळदा विस्कळीत होऊन बाहेर येतात. तेव्हा मजकूर जपायचा असेल तर तो मूळ मांडणीच्या फाइलमध्ये आणि साध्या मजकूर फाइलमध्ये जपावा लागेल. छपाईच्या पीडीएफवर ते ओझे टाकू नये.

नव्या पुस्तकांसाठी युनिकोडची अट मी माझ्या ग्राहकांना घालीन, मात्र तिच्यासोबत माझी दुसरी अट राहील: आमच्याकडे वर्डची फाइल नको, पीडीएफ/एक्स-१ए (छपाईसाठी ठरवलेला पीडीएफचा प्रकार) द्यावी. वर्डमधून थेट काढलेल्या पीडीएफमध्ये काळा मजकूर बहुधा आरजीबीमध्ये (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत) असतो, आणि त्याचे रूपांतर होताना तो छपाईच्या चारही रंगांत विभागला जातो. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचे एकमेकांवर नेमके बसणे, केसभर हलले तरी लहान अक्षरांभोवती रंगीत कडा दिसतात, आणि दोष छापखान्याला मिळतो. पीडीएफ/एक्स-१एमध्ये आरजीबी चालत नाही आणि फॉन्ट अंतर्भूत असावेच लागतात. तरीही फाइल स्वीकारण्यापूर्वी ॲक्रोबॅटमध्ये रंगांच्या प्लेटा वेगवेगळ्या करून पाहाव्यात; मजकूर फक्त काळ्या प्लेटवर दिसला पाहिजे.

मुखपृष्ठे, लेबले आणि लग्नपत्रिका यांच्यासाठी मात्र मी कर्व्हच मागणार. ती कामे कोरल या चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरच्या निरनिराळ्या आवृत्त्यांतून येतात, फॉन्ट कोठून आणलेले असतात हे कोणालाच सांगता येत नाही, आणि दहा शब्दांच्या पत्रिकेत नवरीचे नाव दुसऱ्याच फॉन्टमध्ये छापले गेले तर ती पत्रिका कोणी स्वीकारत नाही.

मुद्रितशोधक, नाशिक

लग्नपत्रिकांपुरते हे मान्य आहे. फक्त कर्व्ह करण्याआधीचा मजकूर आमच्याकडे तपासायला यावा आणि कर्व्ह झाल्यानंतरची छापील प्रतही यावी, कारण चुकीच्या फॉन्टने मोडलेले जोडाक्षर कर्व्ह केल्यावर मोडलेलेच गोठते.