१९७० ची नोव्हा, पाव मैलाला बारा सेकंद: सुरुवात कुठून करू?

नोव्हा_७०

नमस्कार मंडळी. गेल्या ऑक्टोबरात १९७० ची शेव्ही नोव्हा घेतली. ग्रँड रॅपिड्सजवळच्या एका शेतावरच्या कोठारात अकरा वर्षं उभी होती. ३५० घन इंचांचं इंजिन, दोन बॅरलचा कार्ब, टर्बो ३५० नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे १०-बोल्टचा अ‍ॅक्सल आणि ३.०८ चा गिअर (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.०८ फेऱ्या). चारही चाकांना ड्रम ब्रेक. कार्ब आणि पेट्रोलची टाकी साफ केली, सगळ्या ब्रेक लाइन बदलल्या आणि मे महिन्यात मिलन ड्रॅगवे या पाव मैलाच्या सरळ ट्रॅकवर टेस्ट अँड ट्यूनला, म्हणजे सरावाच्या दिवशी, घेऊन गेलो. चार पळत्या मारल्या. सगळ्यात चांगली स्लिप (ट्रॅकवर मिळते ती वेळेची चिठ्ठी) अशी: ६० फूट २.४१ सेकंद, पाव मैल १५.८६ सेकंद, शेवटचा वेग ताशी ८७ मैल.

मला ती पाव मैलाला बारा सेकंदांत पळवायची आहे. ट्रेलर घेणार नाही, रस्त्यावरून चालवत न्यायची आणि चालवत घरी आणायची. आठ हजार डॉलर बाजूला काढलेत. एका दुकानात तयार ३८३ घन इंचांचं इंजिन मिळतंय, ४२५ हॉर्सपॉवरचं म्हणतात. बायको म्हणते, एवढे पैसे घालायचे तर आधी कुणा जाणत्याला विचार. म्हणून विचारतोय. इंजिन घेऊन टाकू का?

शेव्ही_भक्त

घ्या. ३५० मध्ये चांगली हेड, कॅम, चार बॅरलचा कार्ब असं सुटं सुटं घालत बसलात तर खर्च जवळपास तेवढाच होतो आणि हाती ३५० च राहतं. ३८३ म्हणजे त्याच ब्लॉकमध्ये ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक, खालच्या आरपीएमला भरपूर टॉर्क. एवढ्या वजनाच्या गाडीला तोच हवा.

वूडवर्डकर

थांबा. इंजिन लागेल, पण आधी नाही. माझ्याकडे ६९ ची नोव्हा आहे, तुमच्याच घडणीची, आणि मी नेमकी हीच चूक करून बसलो होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमची स्लिप वाचू. शेवटचा वेग ताकद सांगतो आणि लागलेला वेळ पकड सांगतो. तुमच्यासह गाडी ३४०० पौंड धरू. ताकद भागिले वजन, त्याचं घनमूळ काढून २३४ ने गुणलं की वेग. उलटं करून पाहिलं तर ८७ मैलांना साधारण १७५ हॉर्सपॉवर निघते. कंपनी त्या काळात २५० सांगायची, पण तो ग्रॉस आकडा. सायलेन्सर, एअर क्लीनर, पंखा यांचं ओझं त्यात धरलेलं नसायचं. आता वेळेचं सूत्र: वजन भागिले ताकद, त्याचं घनमूळ काढून ५.८२५ ने गुणायचं. १७५ ला येतात १५.६६. तुमची गाडी पळाली १५.८६ मध्ये. मधले दोन दशांश पहिल्या साठ फुटांत सांडलेत, २.४१ तेच सांगतंय. पहिल्या साठ फुटांत एक दशांश वाचला की पाव मैलाच्या शेवटी साधारण दीड दशांश वाचतो.

बारा सेकंदांना याच सूत्राने जवळपास ३९० हॉर्सपॉवर लागते, म्हणजे आत्ताच्या दुपटीहून जास्त. तुम्ही ती ताकद त्या मागच्या अ‍ॅक्सलवर आणि त्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) टाकणार आहात.

२०११ च्या जुलैत मी माझ्या ६९ मध्ये ३८३ बसवलं. मागे मूळचाच १०-बोल्ट, ८.२ इंच रिंग गिअरचा. सेकंडहँड स्लिक्स (बिननक्षीचे शर्यतीचे टायर) घातले, टायर तापवले आणि सोडली. पहिल्या दोन पळत्या इतक्या छान गेल्या की मी हवेत होतो. तिसऱ्या वेळी हिरवा लागला, पाय दाबला आणि मागून ‘टक्’ एवढाच आवाज आला. मोठा नाही, कुलूप उघडल्यासारखा. गाडी हातभर सरकली आणि थांबली, इंजिन मात्र किंचाळतंय. उतरून पाहिलं तर डावं चाक मडगार्डच्या बाहेर चार बोटं आलेलं. या अ‍ॅक्सलमध्ये चाकाच्या शाफ्टला धरून ठेवते ती आतल्या टोकाची एक सी-क्लिप. शाफ्ट मोडला की धरायला काही उरत नाही आणि चाक शाफ्टसकट बाहेर येतं. मोडलेला तुकडा अजून माझ्या बाकावर आहे. त्यावरच्या स्प्लाइन्स (टोकाच्या उभ्या खाचा) सरळ राहिल्या नाहीत, दोराला पीळ द्यावा तशा वळल्यात. म्हणजे तो पहिल्या दोन पळत्यांतच पिळायला लागला होता आणि मला पत्ता नव्हता. स्टार्ट लाइनवर मोडला म्हणून बरं. हजार फुटांवर, शंभरच्या वेगात मोडला असता तर आज हे लिहायला मी असतो की नाही, कोण जाणे.

तेव्हा पहिला पैसा मागे घाला. शेव्हीचा १२-बोल्ट (रिंग गिअर ८.८७५ इंच) किंवा फोर्डचा ९ इंची. शेव्हीत फोर्डचा अ‍ॅक्सल अनेकांना आवडत नाही. मी घातलाय. त्यात पिनियनला (रिंग गिअर फिरवणाऱ्या छोट्या गिअरला) आतल्या टोकालाही बेअरिंगचा आधार असतो, शाफ्टला सी-क्लिप नसते आणि मधला गोळा पुढून आख्खा बाहेर निघतो, त्यामुळे गिअर बदलायचा तर बाकावर निवांत बसून बदलता येतो. थोडी ताकद जास्त खातो, हे खरं. ती मी आनंदाने देतो.

मग पाटे. तुमच्या गाडीच्या पाट्यात बहुतेक एकच पातं असेल. जोर आला की ते इंग्रजी एससारखं वाकतं, पिनियन वर बघायला लागतं आणि चाकं थडाथडा नाचतात. त्या नाचण्याने गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या लांब शाफ्टचे क्रॉस (सांधे) तुटतात. अनेक पात्यांचे पाटे आणि पाट्याच्या पुढच्या डोळ्याला जोर देणारे ट्रॅक्शन बार, दोन्ही घाला. पण त्याआधी एक काम आजच करा. मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली जा आणि पाट्याचं पुढचं टोक जिथे बॉडीला बसतं तिथे टोचून बघा. आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते नेमकं तिथे साचतं. गाडीला पुढे ढकलणारा सगळा जोर त्याच दोन जागांतून जातो.

गिअरचा हिशेब सोपा आहे. २८ इंची टायर धरला तर आरपीएम म्हणजे वेग गुणिले गिअर गुणिले १२. बारा सेकंदांची गाडी ११५ च्या आसपास संपते. ३.७३ ला ५१५० निघतात, ४.१० ला ५६६०. वर कन्व्हर्टरची (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) घसरण पाच टक्के धरा. तुम्हाला घरी चालवत जायचंय, तर ३.७३ घ्या. हायवेवर ४.१० कानांना आणि पेट्रोलला दोन्हीकडून छळतो. २८ इंची टायर मडगार्डात बसतो का, ते पाटे दाबलेल्या अवस्थेत मोजा. बसत नसेल तर २६ इंची घ्या आणि १२ ऐवजी १२.९ ने गुणा.

त्यानंतर ब्रेक. पुढे डिस्क घालाच. ११५ वरून ड्रमवर गाडी थांबवणं म्हणजे प्रार्थना आहे.

इंजिन आणि कन्व्हर्टर पुढच्या हिवाळ्यात. तीन हजार आरपीएमच्या आसपासचा स्टॉल (गाडी ब्रेकवर धरून कन्व्हर्टर इंजिनाला जितकं फिरू देतो तो आकडा) पुरे, आणि गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर, कारण स्टॉल वाढला की उष्णता वाढते. आठ हजारांत एका हिवाळ्यात हे सगळं बसणार नाही. दोन हिवाळे धरा.

आणि बारा म्हणालात ते बाराच ठेवा. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमात १३.९९ सेकंदांपासून स्नेल या सुरक्षा चाचणीच्या शिक्क्याचं हेल्मेट लागतं, स्लिक्स असतील तर त्याच वेळेपासून शाफ्टचा लूपही (लांब शाफ्ट तुटला तर खाली पडू न देणारं कडं). ११.४९ ला पोचलात की रोल बार आणि हार्नेस. रोल बार घातलेल्या गाडीत हेल्मेटशिवाय रोज रस्त्यावर फिरणं मला पटत नाही, डोकं त्या नळीपासून वीतभरावर असतं. लूप मात्र नियमाची वाट न बघता आत्ताच घाला. पुढचा क्रॉस तुटला आणि शाफ्टचं टोक जमिनीत रुतलं तर गाडी उचलली जाते.

नोव्हा_७०

वूडवर्डकर काका, तुमचं तीनदा वाचलं. इंजिनवाल्याला नाही म्हणून कळवलं. एकच शंका: नवा अ‍ॅक्सल आणि जुनंच इंजिन घेऊन ट्रॅकवर जाण्यात काही अर्थ आहे का? वेळ फार बदलणार नाही ना?

हिरवा_दिवा

मी सांगते, खूप अर्थ आहे. मी सहा वर्षं ब्रॅकेट रेसिंग करतेय, ७२ ची डस्टर, १३.४० सेकंदांची गाडी. हळू गाडीवर माणूस शिकतो. स्पोर्ट्समन ट्रीवर, म्हणजे सुरुवातीच्या दिव्यांच्या खांबावर, तीन पिवळे दिवे अर्ध्या सेकंदाच्या अंतराने लागतात. हिरवा बघून पाय हलवलात तर उशीर झालेला असतो. शेवटचा पिवळा उमटतानाच निघायचं. हे अंगात मुरायला माझा एक अख्खा उन्हाळा गेला.

ब्रॅकेटमध्ये आपली वेळ आपणच पांढऱ्या बूट पॉलिशने काचेवर लिहायची आणि तिच्या जास्तीत जास्त जवळ जायचं. लिहिलेल्या वेळेतल्या फरकाइतका हिरवा हळू गाडीला आधी मिळतो, म्हणून १५.६० लिहून १५.६१ पळणारी गाडी अकरा सेकंदांच्या गाडीला हरवू शकते. मी हरवलंय आणि हरलेही आहे.

साधे नक्षीचे टायर असतील तर स्टार्ट लाइनआधी स्लिक्स तापवायला केलेल्या पाण्याच्या डबक्यातून जाऊ नका, वळसा घालून जा. खाचांतलं पाणी तुम्ही थेट स्टार्ट लाइनवर नेता, आणि मागचा माणूस त्यावर घसरतो.

वूडवर्डकरांच्या लिहिण्यात एक भर. छोट्या शेव्हीच्या तेलाच्या चेंबरचा खोलगट भाग मागे असतो. निघताना तेल तिथेच ढकललं जातं, म्हणून प्रेशर छान दिसतं. रेषा ओलांडून जोरात ब्रेक मारला की सगळं तेल पुढे धावतं आणि पिकअप (तेल ओढणारी नळी) कोरडा पडतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाने बेअरिंग असंच घालवलं. बॅफल (तेल अडवणारे आडवे पत्रे) असलेलं चेंबर घ्या, आणि थांबायला रस्ता भरपूर असतो, तो वापरा.

नोव्हा_७०

काल रात्री स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली गेलो. उजवीकडे टणटण वाजलं. डावीकडे स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि ओंजळभर लाल भुगा माझ्या तोंडावर पडला. वरून काळा रंग अगदी गुळगुळीत होता. या जागेवर मी मे महिन्यात चार पळत्या मारल्या, ते आठवून रात्री झोप लागली नाही.

वूडवर्डकर

आता सापडलं ते फार चांगलं झालं. गाडी चालवू नका, ट्रॅकवरही नाही आणि पेट्रोल पंपापर्यंतही नाही. त्यावर नुसती पट्टी ठोकू नका. स्वच्छ पत्रा लागेपर्यंत कापत जायचं आणि त्याच जाडीचा नवा तुकडा जोडायचा. नोव्हासाठी तो भाग तयार मिळतो. फ्लोअरचा शेजारचा पत्रा आणि उजवी बाजू आतूनही बघा, एकटी डावी क्वचितच सडते.

कापायच्या आधी गाडी चारही चाकांच्या उंचीवर सपाट टेकवा आणि दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून भिंतीवर लिहून ठेवा. १११ इंच यायला हवं. जोडून झाल्यावर तोच आकडा दोन्हीकडे आला, तरच नवा अ‍ॅक्सल मागवा.